डॉलर-रुपयाच्या व्यवहारासाठी फंडामेंटल शिकावे की टेक्निकल?

मरोळकर:

नमस्कार मंडळी. मरोळ एमआयडीसीतल्या एका लहान निर्यातदार कंपनीत मी हिशेब पाहतो. आमचे यंत्रांचे सुटे भाग मुख्यतः अमेरिकेत जातात, बिले डॉलरमध्ये होतात आणि पैसे साधारणपणे दोन ते तीन महिन्यांनी जमा होतात. डॉलर आला की लगेच विकायचा, आधीच फॉरवर्ड करून (पुढच्या तारखेचा भाव बँकेशी आजच ठरवून) ठेवायचा की भाव वाढेल म्हणून थांबायचे, हे आजवर आमचे शेठ स्वतःच्या अंदाजाने ठरवत; या वर्षापासून ती जबाबदारी त्यांनी माझ्यावर टाकली आहे.

माझी अडचण अशी की मला दोन बाजूंनी परस्परविरोधी सल्ले मिळतात. आमच्या बँकेकडून रोज सकाळी एक अहवाल येतो. त्यात कच्च्या तेलाचा भाव, अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे म्हणजे फेडरल रिझर्व्हचे (फेडचे) व्याजदर, परदेशी गुंतवणूकदारांची खरेदी-विक्री, महागाईचे आकडे असे सगळे असते आणि शेवटी आज रुपया कोणत्या पट्ट्यात राहील याचा अंदाज असतो. उलट, दर शनिवारी मी दादरला ज्या क्लासला जातो तिथले सर सांगतात की, जी बातमी तुमच्यापर्यंत पोहोचली ती भावात कधीच येऊन गेलेली असते, त्यामुळे चार्ट सोडून दुसरे काही पाहूच नये. दोघांचेही म्हणणे ऐकताना पटते. ऑफिस सुटल्यावर अभ्यासाला जेमतेम तासभर मिळतो, त्यामुळे दोन्ही विषय सारख्याच खोलीने शिकणे मला शक्य नाही. अशा परिस्थितीत फंडामेंटल (आर्थिक आकड्यांचा अभ्यास) निवडावे की टेक्निकल (चार्टचा अभ्यास)?

एक उपप्रश्नही आहे. स्वतःच्या बचतीतून थोडी रक्कम काढून डॉलर-रुपयाच्या फ्युचर्समध्ये (शेअर बाजारावरच्या पुढच्या तारखेच्या करारांमध्ये), किंवा क्लासमधले काही जण वापरतात त्या मोबाइल अ‍ॅपवर युरो-डॉलरमध्ये, सराव म्हणून व्यवहार करावेत असे मनात आहे. फ्युचर्सचा लॉट एक हजार डॉलरचा असल्यामुळे रुपया १० पैशांनी हलला तरी एका लॉटमागे १०० रुपयांचाच फरक पडतो, म्हणून धोका मर्यादित वाटतो. यावरही जाणकारांनी मत द्यावे.


सीए, फोर्ट:

उपप्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते विश्लेषणाच्या नव्हे तर कायद्याच्या कक्षेत येते.

रिझर्व्ह बँकेने ५ जानेवारी २०२४ रोजी काढलेले परिपत्रक ३ मे २०२४ पासून लागू झाले. त्यानुसार शेअर बाजारांवरील रुपयाचा समावेश असलेले चलन फ्युचर्स आणि ऑप्शन्स हे केवळ जोखीम झाकण्यासाठी आहेत. म्हणजे तुमचे परकीय चलनात प्रत्यक्ष काही येणे किंवा देणे असले पाहिजे. १० कोटी डॉलरपर्यंतच्या व्यवहारासाठी त्याचा कागदोपत्री पुरावा आधी द्यावा लागत नाही, एवढ्यावरून पुष्कळांचा असा समज होतो की मूळ येणे-देणे नसले तरी चालते. तसे नाही, सवलत पुरावा सादर करण्यापुरती आहे. आपल्या कंपनीचे डॉलर हे कंपनीचे येणे आहे, आपले वैयक्तिक नव्हे, त्यामुळे आपल्या बचत खात्यातून डॉलर-रुपयाचा लॉट घेणे या नियमात बसत नाही. युरो-डॉलर, पौंड-डॉलर आणि डॉलर-येन या तीन जोड्यांचे करार भारतीय शेअर बाजारांवरच उपलब्ध आहेत आणि त्यांत रुपया येत नाही. मात्र तिथे उलाढाल फार तुरळक असते.

मोबाइल अ‍ॅपचे तर नावही काढू नका. परदेशी प्लॅटफॉर्मवर मार्जिन (सौद्यासाठीची अनामत) भरण्यासाठी भारतातून पैसे पाठवण्याची मुभा उदारीकृत प्रेषण योजनेत (व्यक्तींना परदेशी पैसे पाठवू देणाऱ्या योजनेत) नाही आणि असे पैसे पाठवणे हा फेमा या परकीय चलन कायद्याचा भंग ठरतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये अनधिकृत प्लॅटफॉर्मची पहिली सावधान-यादी प्रसिद्ध केली तेव्हा तिच्यात ३४ नावे होती. पुढे ती वाढतच गेली आहे. यादीत नाव नाही म्हणून एखादे अ‍ॅप अधिकृत ठरत नाही, हेही बँकेने स्पष्ट केलेले आहे. अशा ठिकाणी पैसे अडकले तर दाद मागायला गेलेल्या माणसालाच आधी खुलासा करत बसावे लागते.

कंपनीच्या व्यवहाराबद्दल इथले जाणकार सांगतील.


माजी डीलर:

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत असल्यामुळे मी फक्त कंपनीच्या डॉलरबद्दल लिहितो. फोर्टमधल्या एका बँकेच्या ट्रेझरीत (चलनांचे सौदे करणाऱ्या विभागात) माझी नोकरी झाली, तेव्हा मत थोडे त्या बाजूने झुकलेले वाटल्यास समजून घ्यावे.

तुमच्या सरांचे म्हणणे आणि बँकेचा अहवाल यांच्यातला वाद दिसतो तेवढा खरा नाही. दोघे वेगवेगळ्या कालावधीबद्दल बोलत आहेत आणि ते सांगत मात्र नाहीत. मार्क टेलर आणि हेलन अ‍ॅलन या संशोधकांनी लंडनच्या डीलरांची १९८८ साली केलेली एक पाहणी प्रसिद्ध आहे. दिवसभरापासून आठवड्यापर्यंतच्या अंदाजासाठी जवळजवळ ९० टक्के डीलर चार्टला काही ना काही महत्त्व देत होते, आणि तेच लोक वर्षभराच्या अंदाजासाठी अर्थशास्त्राकडे वळत होते. आमच्या डीलिंग रूममध्येही चित्र असेच होते. सकाळी भाव देणारा मुलगा स्क्रीनवरची पातळी पाहत असे आणि तिमाहीच्या बैठकीला जाणारा साहेब चालू खात्यातली तूट (परदेशाशी होणाऱ्या व्यापार-सेवांच्या व्यवहारातली तूट) पाहत असे.

फंडामेंटलवर माझी श्रद्धा आहे, असे मात्र समजू नका. रिचर्ड मीस आणि केनेथ रोगॉफ यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले की चलनपुरवठा, व्याजदर, महागाई आणि व्यापारतूट यांवर बेतलेली त्या काळची प्रतिष्ठित प्रतिमाने (मॉडेल) वर्षभरापर्यंतच्या अंदाजात 'भाव आज आहे तोच राहील' या भाबड्या अंदाजालाही मागे टाकू शकली नाहीत. विशेष म्हणजे त्या प्रतिमानांना व्याजदर वगैरेंचे पुढचे खरे आकडे आयते पुरवले होते, तरीही. चाळीस वर्षांनंतर आज त्या निष्कर्षावर अनेक आक्षेप आहेत, पण त्याचा मुख्य धक्का ओसरलेला नाही. तेव्हा बँकेच्या अहवालातले 'आजचा पट्टा' हे वाक्य तुम्ही खुशाल वाचायचे सोडून द्यावे. बाकीचा अहवाल मात्र वाचावा, कारण धोका कुठे साठला आहे हे त्यातूनच कळते.

२०१३ चे उदाहरण घ्या. २०१२-१३ या आर्थिक वर्षात आपली चालू खात्यातील तूट सकल उत्पन्नाच्या ४.८ टक्के इतकी झाली होती. सोन्याची आणि तेलाची आयात हे त्याचे मोठे कारण. रुपया नाजूक आहे हे आकड्यांतून उघड दिसत होते, तरी २०१३ च्या पहिल्या चार महिन्यांत तो ५३ ते ५५ च्या आसपास शांत बसून होता. २२ मे रोजी फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष बेन बर्नान्की यांनी रोखेखरेदी कमी करण्याचा उल्लेख केला आणि तिथून ऑगस्टच्या २८ तारखेपर्यंत रुपया ६८.८० च्या आसपास गेला. तूट मोठी आहे हे ठाऊक असलेल्याला दिशा कळली होती, वेळ कळलेली नव्हती.

आता निर्यातदाराच्या खुर्चीत बसून हेच पाहा. २८ ऑगस्टला चार्ट डॉलर वर जाणार असे सांगत होता आणि बातम्याही तेच सांगत होत्या. ७० चा भाव मिळेल म्हणून डॉलर दाबून ठेवणारे त्या आठवड्यात कमी नव्हते. त्याच दिवशी रिझर्व्ह बँकेने सरकारी तेल कंपन्यांना बाजाराबाहेर थेट डॉलर देण्याची सोय जाहीर केली. पुढच्या आठवड्यात रघुराम राजन गव्हर्नर झाले, अनिवासी भारतीयांच्या ठेवींसाठी सवलतीची स्वॅप (डॉलर-रुपया अदलाबदलीची) योजना आली, त्या आणि तिच्या जोडीच्या सोयीतून मिळून सुमारे ३४ अब्ज डॉलर उभे राहिले आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत डॉलर ६१-६२ वर उतरला होता. दोन्ही पद्धती एकाच दिशेने बोट दाखवत असताना दोन्ही एकदम उताण्या पडल्या, आणि तेही दोन महिन्यांच्या आत.

कारण डॉलर-रुपयाच्या बाजारात तिसरा खेळाडू आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने डिसेंबर २०२३ च्या अहवालात, डिसेंबर २०२२ ते ऑक्टोबर २०२३ या काळासाठी रुपयाची वर्गवारी 'तरती' वरून 'स्थिर ठेवलेली व्यवस्था' अशी बदलली. रिझर्व्ह बँकेला ते मान्य नव्हते आणि तिने तसे नोंदवले; पण २०२३ चा चार्ट समोर ठेवला तर नाणेनिधीला तसे का वाटले हे समजायला वेळ लागत नाही. अख्खे वर्ष रुपया साधारण ८१ ते ८३.५० च्या आत फिरला आणि वर्षअखेरीस मूळ जागेपासून अर्ध्या-पाऊण टक्क्यावरच होता. अशा वर्षी तुमच्या क्लासमधले मूव्हिंग अ‍ॅव्हरेजचे छेद (ठरावीक दिवसांच्या सरासरी भावाच्या रेषा ओलांडल्या जाणे) एकामागून एक खोटे इशारे देतात.

म्हणून मराठीत आपण ज्याला 'मूलभूत अभ्यास' म्हणतो त्याचा रुपयाच्या बाबतीतला अर्धा भाग म्हणजे मिंट रोडवरच्या इमारतीचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेचा, अभ्यास होय. परकीय गंगाजळीचा आकडा दर शुक्रवारी येतो. त्यातली घट ही सगळी विक्रीमुळेच झालेली असते असे नाही, युरो, येन यांचे डॉलरमधले मूल्य बदलल्यानेही तो आकडा हलतो, हे लक्षात ठेवावे. रिझर्व्ह बँकेने महिन्याभरात किती डॉलर घेतले आणि विकले हे तिच्या मासिक पत्रिकेत सुमारे दोन महिन्यांनी छापून येते. चाळीस चलनांच्या तुलनेतला रुपयाचा वास्तव परिणामी विनिमय दर (महागाईतला फरक धरून काढलेला निर्देशांक) तिथेच मिळतो. तो नोव्हेंबर २०२४ मध्ये १०८ च्या वर होता, म्हणजे २०१५-१६ च्या पायाशी तुलना करता रुपया महाग झाला होता, आणि पुढच्या तीन महिन्यांत डॉलर ८४.५० वरून ८८ ला टेकायला आला. पण तो निर्देशांक १०० च्या वर त्याआधी कित्येक वर्षे होता, हेही सांगितले पाहिजे. मोसमी पावसाचा अंदाज आणि छत्री घेऊन निघण्याची तारीख यांत जेवढे अंतर, तेवढे इथेही धरावे.


पार्लेकर:

माजी डीलर यांचा प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, परंतु २०२३ हे एकच वर्ष पुढे करून चार्टला निकालात काढणे योग्य वाटत नाही. (मी शेअर बाजारावरील युरो-डॉलर आणि डॉलर-येनमध्ये व्यवहार करतो, रुपयाच्या जोडीत नाही, वर दिलेल्या नियमामुळे तो विषय माझ्यापुरता संपला.)

२०२२ पाहा. युक्रेनच्या युद्धानंतर ७ मार्चला डॉलर ७७ ला टेकून परतला. तेल महाग होते, फेड व्याजदर वाढवणार हे सर्वांना ठाऊक होते, परदेशी गुंतवणूकदार विक्री करत होते, आणि तरीही पुढचे दोन महिने ती पातळी टिकून राहिली. ९ मे रोजी ती तुटली, त्यानंतर जुलैत ८० आणि ऑक्टोबरमध्ये ८३ चा टप्पा ओलांडला गेला. फंडामेंटल मार्चमध्ये जे सांगत होते तेच मेमध्ये सांगत होते. बदल कधी झाला हे फक्त भावाने सांगितले. ज्या आयातदाराने दिवसअखेरचा भाव ७७ च्या वर आल्यावर आपले देणे झाकून घेतले, त्याने काही चमत्कार केला नव्हता, तर इतरांच्या ऑर्डरी कुठे आहेत याचा विचार केला होता.

आणि त्या ऑर्डरी असतातच. न्यूयॉर्क फेडमध्ये काम केलेल्या कॅरल ऑस्लर यांनी एका मोठ्या बँकेकडच्या प्रत्यक्ष ग्राहक-ऑर्डरी तपासल्या तेव्हा असे दिसले की नफा घेण्याच्या ऑर्डरी नेमक्या पूर्ण आकड्यांवर गोळा होतात आणि स्टॉप-लॉस (तोटा थांबवण्याच्या ऑर्डरी) त्या आकड्यांच्या किंचित पलीकडे. भाव पूर्ण आकड्याजवळ अडखळतो आणि तो ओलांडला की धावतो, याचे निदान एक कारण इतके साधे आहे. सपोर्ट-रेझिस्टन्सला (भाव जिथे टेकतो वा अडतो त्या पातळ्यांना) अंधश्रद्धा म्हणणाऱ्यांनी एवढे तरी वाचावे.

मरोळकर, आपल्या सरांचे 'बातमी पाहूच नये' हे मात्र मला अजिबात मान्य नाही, आणि त्याचे कारण चार्टवाल्यांच्याच सोयीचे आहे. फेडरल रिझर्व्हचा निर्णय आपल्या घड्याळाप्रमाणे रात्री ११.३० ला, हिवाळ्यात १२.३० ला येतो. अमेरिकेतल्या रोजगाराचे आकडे बहुधा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सायंकाळी ६ किंवा ७ वाजता येतात. डॉलर-रुपयाचे फ्युचर्स ५ वाजता बंद होतात आणि बँकांचा आपसातला बाजार ३.३० लाच आटोपतो. म्हणजे डॉलर हलवणाऱ्या दोन सर्वांत मोठ्या बातम्या आपला बाजार बंद असताना येतात, दुसऱ्या दिवशी किंवा सोमवारी भाव थेट गॅपने (मधले भाव वगळून) उघडतो आणि मध्ये लावलेला स्टॉप-लॉस कागदावरच राहतो. युरो-डॉलरचे करार ७.३० पर्यंत चालत असल्यामुळे रोजगाराच्या आकड्यांना तिथे निदान प्रतिसाद तरी देता येतो. तेव्हा बातमीचा अर्थ लावायचा नसेल तर लावू नये, पण बातमीची तारीख आणि वेळ पाठ असली पाहिजे.

याचे टोकाचे उदाहरण स्विस फ्रँकचे. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर २०११ पासून एका युरोला १.२० फ्रँक ही किमान पातळी राखली होती. चार्टवर इतका सुबक सपोर्ट क्वचितच पाहायला मिळतो. १५ जानेवारी २०१५ रोजी बँकेने ती पातळी अचानक सोडून दिली, काही मिनिटांत भाव एकाच्याही खाली गेला आणि अनेक ब्रोकर बुडाले किंवा बुडता बुडता वाचले. तो सपोर्ट बाजाराचा नव्हता, एका संस्थेच्या निर्णयाचा होता. चार्टवर दोन्ही सारखेच दिसतात. २०२३ च्या रुपयाबद्दल माजी डीलर यांनी जे लिहिले तेही याच जातीचे आहे, एवढे मी मान्य करतो.

आणखी एक तांत्रिक बाब, जी क्लासमध्ये सहसा सांगत नाहीत. आपण जो 'कंटिन्युअस फ्युचर्स' चार्ट पाहता त्यात दर महिन्याच्या अखेरीस जुना करार संपून नवा जोडला जातो. भारतातले व्याजदर अमेरिकेपेक्षा वरचे असले की पुढच्या महिन्याचा करार प्रीमियमने महाग असतो. समजा वार्षिक फरक दोन टक्के आणि भाव ८५, तर महिन्याला सुमारे १४ पैसे. चार्टवर ही १४ पैशांची उडी तेजीसारखी दिसते, प्रत्यक्षात हजर भाव (आजच्या सौद्याचा भाव) जागचा हललेलाही नसतो. रुपया ज्या वर्षी शांत असतो त्या वर्षी हा फरक क्षुल्लक राहत नाही. तेव्हा चार्ट काढायचाच असेल तर एफबीआयएल या संस्थेच्या रोजच्या संदर्भ-दराचा काढावा.

येनच्या बाबतीत, उलटपक्षी, फंडामेंटलशिवाय माझे पान हलत नाही. मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात अमेरिकेचा व्याजदर जवळजवळ शून्यावरून ५.२५-५.५० टक्क्यांवर गेला आणि जपानचा उणे ०.१ वरच राहिला. डॉलर-येनची दिशा समजायला त्यापलीकडे फारसे काही लागत नव्हते. तरी २२ सप्टेंबर २०२२ रोजी जपान सरकारने १४६ जवळ हस्तक्षेप केला आणि त्याच दिवशी भाव १४० पर्यंत आला. दिशा बरोबर असूनही त्या दिवशी मोठा सौदा करून बसलेला माणूस संपला असता. सौदा किती मोठा घ्यायचा हे मी वेल्स वायल्डर यांच्या सरासरी खऱ्या पट्ट्यावरून, म्हणजे एटीआरवरून (भाव दिवसाला सरासरी किती हलतो यावरून), ठरवतो. माझ्या मते टेक्निकलचा सर्वांत उपयोगी भाग तोच आहे आणि सर्वांत कमी शिकवला जाणाराही तोच.


मरोळकर:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वैयक्तिक व्यवहाराचा विचार सोडून दिला आहे. अ‍ॅपबद्दल क्लासमधल्या मित्रांनाही कळवले.

आता थोडे नेमके विचारतो. समजा ८०,००० डॉलरचे बिल आहे, पैसे तीन महिन्यांनी येणार आहेत आणि त्या मालावर आमचा नफा सुमारे सात टक्के आहे. शेठचे म्हणणे असे की, रुपया वर्षानुवर्षे घसरतच आला आहे, मग फॉरवर्ड करून वरचा फायदा का सोडायचा? यावर मी त्यांना काय सांगावे? आणि रोजच्या त्या एका तासात मी नेमके काय पाहावे?


माजी डीलर:

शेठचे म्हणणे दीर्घकाळासाठी बरोबर आहे आणि तीन महिन्यांसाठी निरुपयोगी आहे. १० फेब्रुवारी २०२५ रोजी डॉलर ८७.९५ ला टेकला होता आणि त्या वेळी बहुतेक अंदाज ८८-८९ चे होते. २ मे रोजी तो क्षणभर ८३.७६ पर्यंत उतरला. तीन महिन्यांच्या आत चार रुपयांहून अधिक, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या वर. तुमचा नफा सात टक्के आहे. त्यातला दोन तृतीयांश भाग यंत्रावर घाम गाळून मिळवलेला असताना नुसत्या भावाच्या हालचालीत गेला असता. रुपया वर्षानुवर्षे घसरतो तो सरळ रेषेत घसरत नाही, आणि तुमचे बिल त्या रेषेच्या नेमक्या कोणत्या वळणावर येते हे तुमच्या हातात नसते.

दुसरे, फॉरवर्ड करताना निर्यातदार वरचा सगळा फायदा सोडतो हे अर्धसत्य आहे. रुपयाच्या अपेक्षित घसरणीचा काही भाग बाजार तुम्हाला प्रीमियमच्या रूपाने आधीच देतो. पार्लेकरांचेच आकडे धरा: हजर भाव ८५ आणि वार्षिक प्रीमियम दोन टक्के असेल तर तीन महिन्यांचा फॉरवर्ड सुमारे ८५.४२ ला विकता येईल. ८०,००० डॉलरवर ते ४२ पैसे म्हणजे ३३,६०० रुपये होतात. न झाकता थांबायचे असेल, तर डॉलर ८५ च्या नव्हे ८५.४२ च्या वर गेला तरच थांबण्याचा फायदा झाला, असा हिशेब शेठपुढे मांडा. प्रीमियम दोन्ही देशांतल्या व्याजदरांच्या फरकाप्रमाणे कमी-जास्त होतो, तेव्हा प्रत्यक्ष आकडा त्या दिवशी बँकेला विचारावा.

मी तुमच्या जागी असतो तर माल ज्या भावाने कोट केला तो भाव आधी कागदावर लिहिला असता, ऑर्डर पक्की होताच निम्मे डॉलर फॉरवर्ड केले असते, पाव भाग महिन्याभरात आणि उरलेला पाव भाग उघडा ठेवला असता. निम्मेच का, दोन तृतीयांश का नाही, याला शास्त्रीय उत्तर नाही. नफा जितका पातळ तितका झाकलेला भाग जास्त, एवढेच. ग्राहक उशिरा पैसे देणारा असेल तर एका तारखेऐवजी ठरावीक मुदतीत केव्हाही डॉलर देता येईल असा फॉरवर्ड घ्या, नाहीतर तो रद्द करण्याचा किंवा पुढे ढकलण्याचा खर्च अंगावर येतो.

तुमच्या एका तासाबद्दल. सोमवारी आठवड्याचे वेळापत्रक पाहा: आपल्या पतधोरण समितीची बैठक वर्षातून सहा वेळा असते आणि निर्णय सकाळी १० वाजता येतो, फेडच्या बैठका आठ, शिवाय दोन्ही देशांचे महागाईचे आकडे. शुक्रवारी गंगाजळी आणि तेलाचा भाव पाहा. आपण लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयात करतो, त्यामुळे तेलाचा भाव दोन-तीन आठवडे एकाच दिशेने गेला तर तो रुपयात उतरतोच. महिनाअखेरीस आयातदारांची डॉलरमागणी वाढते आणि निर्यातदाराला अनेकदा दोन-चार पैसे बरे मिळतात. एवढे पुरे आहे. बाकीचा वेळ बँकेशी बोलण्यात घालवा.

हे थट्टेने लिहिलेले नाही. लहान निर्यातदाराला बँक जो भाव देते आणि बाजारात त्या क्षणी जो भाव असतो, त्यांच्यातले अंतर तुम्ही कधी मोजले आहे का? ते १५ पैसे असेल तर ८०,००० डॉलरवर १२,००० रुपये होतात, आणि ते दर बिलाला जातात, अंदाज बरोबर येवो अथवा चुको. बँकांचे आपसातले सौदे पुरे करणाऱ्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनने ऑगस्ट २०१९ मध्ये एफएक्स-रिटेल नावाची सोय सुरू केली आहे, तिथे बँकेचा ग्राहक बाजारभाव डोळ्यांनी पाहून डॉलर विकू शकतो आणि बँक आधी ठरलेले शुल्क तेवढे घेते. (त्यांचे कार्यालय योगायोगाने तुमच्या क्लासच्याच दादरमध्ये आहे.) तिथे नोंदणी केली नाही तरी त्या भावाचा उल्लेख करून घासाघीस करता येते.


पार्लेकर:

निम्मे फॉरवर्ड करण्याला माझा आक्षेप नाही. उघड्या ठेवलेल्या पाव भागासाठी मात्र चार्ट वापरून पाहा. हजर भावाच्या चार्टवर अलीकडे जिथे डॉलर दोनदा अडखळून परतला असेल त्या पातळीच्या पाच-सहा पैसे अलीकडे बँकेकडे विक्रीची ऑर्डर लावून ठेवा. पूर्ण आकड्यावर लावू नका, तिथे आधीच रांग असते. खालच्या बाजूला, माल कोट करताना धरलेल्या भावाच्या जवळ दुसरी ऑर्डर लावा, म्हणजे डॉलर तिथवर उतरला तर उरलेलेही विकून मोकळे व्हाल. फेडच्या निर्णयाच्या आदल्या दुपारी दोन्ही ऑर्डरी पुन्हा तपासा, कारण रात्रीतून भाव खालच्या पातळीच्याही खाली उघडला तर ऑर्डर त्या उघडलेल्या भावालाच पुरी होईल.


सीए, फोर्ट:

या सगळ्यात एक कागद राहू नये. किती टक्के केव्हा झाकायचे, खालची पातळी कोणती आणि ती बदलण्याचा अधिकार कोणाला, हे अर्ध्या पानावर लिहून त्यावर शेठची सही घ्या. ८५.४२ ला फॉरवर्ड केला आणि डॉलर ८७ वर गेला, तर 'कोणी सांगितले होते विकायला' हा प्रश्न मरोळकरांनाच विचारला जाईल. लेखापरीक्षणाच्या वेळी ३१ मार्चला उघडे असलेले फॉरवर्ड करार वेगळे दाखवावे लागतात, तेव्हा त्यांची बिलनिहाय नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा.